काचघरातला हवालदार

४ जानेवारी, सोमवार

आज एकदाचे नव्या जागी येऊन पडलो. सामान थोडकं म्हणून भाडं थोडं कमी घ्या, असं टेम्पोवाल्याला सुचवून पाहिलं. तो म्हणाला की काकू, गाडी रिकामी असली तरी डिझेल पितेच. त्याचंही बरोबर आहे. पण विचारायला काय जातंय? मागितल्याशिवाय देव तरी कुठे देतो.

जागा छान आहे. कॉलेजातून निवृत्त झालेल्या सरांच्या बंगल्याच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या, पायरी एकच, ह्यांच्या पायाला सोयीची. झटका आल्यापासून ह्यांची उजवी बाजू जड झाली आहे, जीभ मात्र दोन्ही बाजूंनी चालते. दार अरुंद आहे म्हणून टेम्पोवाल्यालाच फैलावर घेतलं, जसं काही दार त्यानेच बसवलंय. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस एका जागी बसला की असाच धुमसत राहतो. मी एका कानाने ऐकते, दुसऱ्याने सोडून देते. तेवढ्यासाठीच दोन दिलेत.

आधी देव मांडले, मग गॅस जोडला, दूध तापवलं. माझ्या हातून आजवर दूध कधी उतू गेलेलं नाही. सासूबाईंनी माझं एवढं एकच कौतुक केलं होतं, तेही त्या गेल्या त्या वर्षी.

काम सोपं वाटतंय. बंगल्याची झाडलोट, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सरांच्या बहिणीचं जेवणखाण, आणि काचघर. ते उद्या दाखवणार आहेत. मॅट्रिक झालेली बाई मिळाली याचं सरांना फार बरं वाटलं. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती. वाया का घालवायची, म्हणून हे लिहायला घेतलं.

५ जानेवारी, मंगळवार

सरांनी सकाळी काचघर दाखवलं. मागच्या आवारात काचेची मोठी खोली, छतसुद्धा काचेचं. बाहेर अंगावर शहारा येईल अशी थंडी आणि आत पाऊल टाकलं की उबदार, ओलं. नळ्यांमधून अधूनमधून पाण्याचा फवारा सुटतो. जमिनीवर काळी माती, आणि तिच्यात नेचेच नेचे. गुडघ्याएवढे, कमरेएवढे, आणि पलीकडच्या कोपऱ्यात एक माझ्याहून उंच. नवीन पान मुठीसारखं आवळलेलं येतं आणि हळूहळू उघडतं, तान्ह्या बाळाच्या हातासारखं. सरांनी एक पान उलटं करून दाखवलं. मागच्या बाजूला तपकिरी ठिपके, दोन ओळींत, शिवणीच्या टाक्यांसारखे. त्यातून भुकटी पडते आणि तीच त्याची प्रजा. फूल नाही, फळ नाही.

दाराजवळ मोठी काचेची पेटी आहे, तिच्यात बेडूक. बेडूक म्हटल्यावर मी नाक मुरडणार होते, पण हा अंगठ्याच्या दोन पेरांएवढा, हळदीसारखा पिवळा, त्यावर काळे पट्टे. आणि शिट्टी काय वाजवतो! मोठ्या पाखरासारखी, लांबच लांब. त्याची बायको दगडाआड बसून असते, ती मुकी. हे खिडकीतून बघत होते, ते म्हणाले की हा तर हवालदार. नाव तेच पडलं.

सर म्हणाले की माझं सगळं आयुष्य बेडूक आणि नेचा ह्या दोघांची तुलना करण्यात गेलं. दोघं एकाच जंगलातले, दोघांना ओल लागते, दोघं विषारी. पण बेडकाचं विष उसनं असतं. जंगलात तो ज्या मुंग्या खातो त्यांचं विष त्याच्या कातडीत उतरतं. इथे तो केळ्यावरच्या चिलटांवर वाढला, म्हणून बिनविषारी. बेडूक जे खातो ते होतो. नेच्याचं जे आहे ते त्याचं स्वतःचं. आणि दुसरं म्हणजे, बेडूक ओरडून सांगतो की लांब राहा. नेचा काहीच सांगत नाही.

मला लगेच आमच्या सासूबाई आणि थोरल्या जाऊबाई आठवल्या. सासूबाईंचं ओरडणं ओरडण्यातच संपायचं. जाऊबाईंनी कधी आवाज चढवला नाही, आणि बघता बघता अख्खं घर त्यांच्या नावावर झालं. हे मी सरांना बोलले नाही.

नियम सांगितले ते असे. बरण्यांमध्ये पिकलं केळं कुस्करून चिलटं वाढवायची आणि बेडकांना तीच घालायची. कोपऱ्यातल्या मोठ्या नेच्याला कात्री लावायची नाही. आत खुर्ची न्यायची नाही, जे काम ते उभ्याने. आणि हवालदाराची शिट्टी कधी बंद पडली तर हातातलं टाकून बाहेर यायचं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले की अशी सवय ठेवलेली बरी. खुर्चीचं ऐकून मला हसूच आलं. मला बसायला देतंय कोण?

माझं अक्षर बरं आहे म्हणून अजून एक काम दिलं. रोज बेडकाचं एक वाक्य लिहायचं आणि नेच्याचं एक. सर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे चाललेत, आल्यावर वाचून घेणार.

७ जानेवारी, गुरुवार

सर गेले. जाताना काचघरात एकटेच बराच वेळ उभे होते. मोठ्या नेच्याशी काहीतरी बोलत होते असं ह्यांचं म्हणणं. म्हातारपणी माणूस भिंतीशीही बोलतो, त्यात काय.

सरांच्या बहिणीला सगळे माई म्हणतात. गुडघे गेलेत, कान अर्धे गेलेत, पण नजर तिखट. पहिल्याच दिवशी भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या. मी म्हटलं की वरून घ्या. त्यावर म्हणाल्या की आमच्या वहिनीसारखीच दिसतेस, काटकसरीत मीठही मोजणारी. काचघरात मात्र त्या कधी उतरत नाहीत. मला म्हणाल्या की बसायचं झालं तर देवापुढे बस, तिथे नको.

हवालदार — सकाळपासून शिट्टीचा नुसता सपाटा.
नेचा — काही नाही. हिरवा आहे.

१० जानेवारी, रविवार

केळ्यांचं काही मनाला पटत नाही. खाण्यासारखी केळी कुस्करून चिलटांना घालायची, आणि बाजारात फळाला हात लावायची सोय नाही. आजपासून केळं आम्हाला आणि साल बरणीत, असं ठरवलं. चिलटांना काय कळतंय.

लेकीचा फोन आला. दिवसभर दुकानात उभी, घरी आली की सासूसासरे. म्हणाली की आई, पाय नुसते भरून येतात गं. मी म्हटलं की बायकांचे पाय भरायलाच असतात. फोन ठेवल्यावर वाटलं, असं का म्हणाले. मला माझ्या आईने हेच सांगितलं होतं.

१३ जानेवारी, बुधवार

चिलटं मेली. नुसत्या सालीवर तग धरली नाही. विकतच्या चिलटांच्या बरणीची किंमत ऐकून मी फोन कानापासून लांब धरला.

पण देव वाट दाखवतो. मोठ्या नेच्याच्या बुडाशी बारीक मुंग्यांची रांगच रांग आहे, ओल्या मातीतून वर चढणारी. सरच म्हणाले होते की जंगलात हे मुंग्याच खातात. मग घरचं सोडून बाजारात कशाला? झाडूच्या काडीने वाटीभर गोळा केल्या आणि पेटीत सोडल्या. हवालदाराने अशा चट्‌चट् टिपल्या की बघत राहावं. त्याची मुकी बायकोसुद्धा बाहेर आली.

१७ जानेवारी, रविवार

आमच्या खोल्यांमध्ये थंडी फार. हीटर लावला की मीटर गरगर फिरतो, न लावला तर ह्यांचा हात आखडतो आणि मग तोंड सुटतं. काचघर तर रात्रंदिवस उबदार असतंच, सरांच्या खर्चाने. ती ऊब बेडकांनी आणि पाल्याने एकट्यांनीच का खावी? सरांचा खुर्चीचा नियम कामाच्या बाईने आळस करू नये म्हणून असणार. आजारी माणसाची गोष्ट वेगळी. म्हणून ह्यांची वेताची खुर्ची आत नेली.

जागा करायला कोपऱ्यातल्या नेच्याची थोडी पानं मागे सारावी लागली, दोन-चार छाटली. पांढरट चीक आला आणि हवालदाराने अशी शिट्टी फुंकली की माझ्या हातातली कात्री पडली. पानांच्या आत एक लाकडी स्टूल सापडलं. मुळ्यांनी चारी पाय करकचून धरले होते. सोडवून, धुऊन घेतलं, चांगलं सागवानी आहे. ह्यांचं ताट ठेवायला होईल. मुळ्यांमध्ये केसांची एक पिनही मिळाली, जुन्या घडणीची, जराही गंज नाही. माझी मोडलीच होती. तीही धुऊन लावली.

हे उबेत बसले आणि पाच मिनिटांत डोळे मिटले. शिवी न देता झोपले.

२१ जानेवारी, गुरुवार

देवाची कृपा. ह्यांचा हात सैल पडलाय. चिडचिड गेली. सकाळी मी फिरकी घेतली की आज माझा उद्धार करायचा राहून गेला वाटतं, तर हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

दुपारी ताट घेऊन गेले तेव्हा म्हणाले की अगं, बस जरा. मी आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला म्हणतायत का म्हणून. लग्न झाल्यापासून मला हे कोणी म्हटलेलं नाही. सासूबाई नाही, हे नाही, माझी पोटची पोरही नाही. डोळ्यांत पाणी आलं. स्टुलाशी गेलेसुद्धा, पण हवालदाराने तेवढ्यात शिट्टी मारली आणि मला गॅसवरचं दूध आठवलं. धावले.

हवालदार — एकदाच वाजला.
नेचा — छाटलं होतं तिथे नवीन मूठ आली आहे.

२५ जानेवारी, सोमवार

लेकीला सांगितलं की बाबा सुधारले. ती रडली. म्हणाली की पुढच्या महिन्यात रविवार मोकळा मिळाला की येऊन जाते.

मला मात्र थकवा आलाय. कष्ट केल्यावर येतो तो नव्हे, तो माझ्या ओळखीचा आहे. हा वेगळा. काचघरात गेलं की वाटतं, कशाला एवढी धावाधाव. बाहेर आलं की जरा उतरतो. संध्याकाळी देवापाशी दिवा लावायचं राहून गेलं, झोपताना लक्षात आलं. असं माझं कधी झालं नव्हतं.

हवालदार — आज शिट्टी नाही. डोळे उघडे, बसून होता.
नेचा — बसून होता.

नेच्याच्या पुढे चुकून बसून होता असं लिहिलं गेलं. खोडत नाही, कागद खराब होतो.

२९ जानेवारी, शुक्रवार

हे आता खोलीत यायला तयार नाहीत. इथेच बरं वाटतं म्हणतात, गोड आवाजात म्हणतात. गोधडी नेऊन दिली ती घडी न मोडता तशीच. ताट तसंच. भूक नाही म्हणतात, आणि चेहरा तर भरलेला दिसतो.

अंग पुसताना उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला तपकिरी ठिपके दिसले. दोन ओळींत. एकसारखे. मी तेल लावलं, ओल्या कापडाने चोळलं. माझ्या बोटांना बारीक तपकिरी भुकटी लागली.

डॉक्टरांना घरी बोलावलं. दारातूनच पाहून म्हणाले की वयाचे डाग आहेत, माणूस किती शांत आहे बघा, तुम्हीच जरा विश्रांती घ्या काकू. आत यायचं मात्र त्यांनी टाळलं. आत घुसमटतं म्हणे.

शिट्टी बंद पडली की बाहेर यायचं, असं सर म्हणाले होते. मी येते बाहेर. पण ह्यांना —

२ फेब्रुवारी, मंगळवार

माईंचे केस विंचरून देत होते. त्या आरशात माझ्याकडे बघत होत्या, आणि एकदम माझा हात धरला. ही पिन कुठली, म्हणाल्या. सांगितलं. मग म्हणाल्या की ती आमच्या वहिनीची.

सरांची बायको माहेरी निघून गेली असं सगळे समजतात, मीही तेच ऐकलं होतं. माई म्हणाल्या की कसलं माहेर न् कसलं काय. बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायची. मी तिला टोचून बोलायचे, भाऊ पुस्तकातून मान वर काढायचा नाही. एका दुपारी पाणी घालता घालता स्टूल घेऊन तिथे जरा टेकली. टेकली ती टेकलीच. हवालदार तेव्हा नव्हता. तो भावाने नंतर आणला, आपल्याला बसू न देणारं कोणीतरी हवं म्हणून.

मी म्हटलं की माई, बसली म्हणजे काय? त्यावर त्या माझ्यावरच खेकसल्या की तू पानं छाटलीस ना, मग मला काय विचारतेस.

पिन काढून ठेवली. केसांत अजून तिथे काहीतरी ओढल्यासारखं होतंय.

६ फेब्रुवारी, शनिवार

नाव घेऊन आत गेले. देवाचं. काखेत हात घालून ह्यांना उठवायला लागले. झटका आला तेव्हा ह्याच हातांनी मी एकटीने उचललं होतं. आज हलले नाहीत. जड नाही लागले, अडकलेले लागले.

खाली वाकून पाहिलं. चपला बाजूला. पाय मातीत घोट्यापर्यंत. माती उकरली तर टाचांना तपकिरी केस, बारीक, ओले, पुष्कळ. एक तुटला. पांढरट चीक आला.

हे किंचाळले नाहीत. एरवी चहा गार झाला तर घर डोक्यावर घेणारा माणूस. एवढंच म्हणाले की दुखतं गं. आणि मग म्हणाले की तू कशाला दमतेस, बस जरा. आयुष्यभर उभीच आहेस.

कोपऱ्यातला मोठा नेचा ह्यांच्या खांद्याशी आलाय. मी तो मागे सारला होता.

९ फेब्रुवारी, मंगळवार

सरांचा फोन लागला. डोळ्यांवर पट्टी आहे म्हणाले, पण आवाज खणखणीत होता. आधी विचारलं की हवालदार वाजतो ना? मी खरं ते सांगितलं. केळ्याचं, चिलटांचं, मुंग्यांचं. कुठल्या मुंग्या, म्हणाले. मोठ्या नेच्याच्या बुडाशी आहेत त्या, म्हटलं.

म्हणाले की बाई, तुम्ही त्याला तेच खाऊ घातलंत. जे खातो ते होतो. एक तोच जागा होता त्या घरात, तो पण बसवलात.

मग विचारलं की आत कोण बसलं आहे. त्यांना कसं कळलं?

म्हणाले की माझी बायको बसली तेव्हा मी परगावी होतो. आलो तेव्हा ती बोलत होती अजून. ओढून काढता आलं असतं कदाचित. पण तिच्या तोंडावर तेव्हा पहिल्यांदाच थकवा नव्हता. मला धीर झाला नाही. नंतर एक हात सोडवून पाहिला, तर —

पुढे सांगितलं नाही. म्हणाले की काचघराला कुलूप लावा, माईंना शेजारी सोडा आणि तुमच्या लेकीकडे निघून जा. आजच. मागे बघू नका.

कुलूप लावून जा म्हणे. अर्ध्या अंगाचा का होईना, नवरा आहे माझा. दुकानातली पिशवी आहे का ती, विसरून यायला?

११ फेब्रुवारी, गुरुवार

माईंना शेजारच्यांकडे पोचवलं. रडल्या. म्हणाल्या की तू तरी चल. म्हटलं, येते मागाहून.

लेकीला फोन केला की रविवारी येऊ नकोस. का, म्हणाली. मला नीट सांगता येईना. तोंडात शब्द हळूहळू येतात. ती घाबरली. आता येतेच, म्हणाली. ओरडले तिच्यावर. ओरडायला गेले, आवाज चढलाच नाही.

विकतची चिलटं मागवली. अख्खी बरणी. किंमत विचारली नाही. हवालदारापुढे सोडली. त्याच्या डोळ्यांवर बसतात, तरी जीभ बाहेर काढत नाही. पिवळा रंग उतरलाय. पाठीवर हिरवी लव.

हवालदार — एक मूठ आली आहे.
नेचा — बघतो.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

कुदळ घेऊन गेले. मातीसकट उचलायचं ठरवलं होतं, खुर्चीसकट. उभ्याने जप चालू ठेवला. माळेचा धागा ओला झाला, मणी सरकेनात. जप कुठवर आला होता ते —

हे म्हणाले की किती करशील. मोठा नेचाही म्हणाला. म्हणजे तो काही म्हणाला नाही. तो कधीच काही सांगत नाही. पण मला ऐकू आलं, बाईचा आवाज, सासरी नव्या आलेल्या सुनेला थोरली म्हणते तसा. दमलीस ना. मला माहीत आहे. मलाही कोणी म्हटलं नव्हतं.

कुदळ तिथेच राहिली. बाहेर आले. येताना पाय सुटायला वेळ लागला. चिखल असेल. चिखलच.

१४ फेब्रुवारी, रविवार

लेक येईल. ती यायच्या आत ह्यांना — निदान दाराला कुलूप. कुलूप आणलंय. वही पण आणली, सरांचं वाक्य राहिलं होतं.

दूध ठेवलंय तिच्यासाठी गॅसवर. लक्ष आहे माझं.

हात इतके जड. फक्त वाक्य लिहिण्यापुरतं टेकते. स्टूल कोरडं आहे. उभ्याने लिहिलं की अक्षर वाकडं येतं, सरांना वाचता —

हवालदार — हिरवा आहे.
नेचा — हिरवा आहे.
हे — हसतात.
मी —

किती बरं वाटतं. देवा. एवढं सोपं होतं? पाय भरून आलेले, ते आता नाहीत. पाय आहेत की —

जळकट वास येतोय. दूध गेलं वाटतं. जाऊ दे.

जाऊ दे असं मी लिहिलं?

फाटक वाजलं. ती आली. कुलूप हातातच आहे माझ्या. आई आई करत इकडेच येते. दारात उभी आहे, पिशव्या घेऊन. केवढी वाळली पोर. डोळ्यांखाली काळं. तिला सांगायचंय की आत येऊ नकोस, पळ, मागे बघू नकोस, सगळा जोर लावून तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते

ये गं. बस ज